झोपलेले अंगठे

सिल्व्हर पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझी ओळख 'मारामारीचे मार्क देणारी टीचर' अशी होती. ही पाटी मला चिकटवली शेजारच्या ज्योत्स्नाबेननी. पहिल्यांदा परदेशी निघाले होते, बॅग घेऊन लिफ्टपाशी उभी होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "टीचर, लडकी लोग एक दूसरे को मारेगी और आप बैठके मार्क दोगी? इसके वास्ते विमान से भेजते हैं?" मी म्हटलं, "हां बेन, और ऊपर से खाना भी खिलाते हैं." त्यांनी डोक्याला हात लावला. पण मी परत आले तेव्हा दारात पहिला प्रश्न त्यांचाच होता, "कोण जीत्युं?"

मी भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या बाजूच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे. वर्गातली दांडगट पोरं एकमेकांना मारतातच आहेत, तर निदान नियमाने मारू देत, म्हणून मी शाळेत बॉक्सिंग सुरू केलं. मग जजच्या परीक्षा देत देत जिल्हा, राज्य, देश असं करत आंतरराष्ट्रीय जज झाले. ते कसं झालं हे सांगत बसत नाही, त्यात फॉर्म, फोटो आणि रेल्वेच्या वेटिंग लिस्टपलीकडे काही नाही.

काम मात्र समजावून सांगते, कारण ते कुणालाच ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, जज म्हणजे रिंगमध्ये पांढरे कपडे घालून दोघींच्या मधे नाचणारा. तो रेफ्री. आम्ही पाच जण रिंगच्या बाहेर, चारही बाजूंना, एकमेकांशी बोलता येणार नाही असे बसतो. माझ्या काळात प्रत्येकाच्या पुढ्यात एक छोटं यंत्र असायचं. त्यावर एक लाल बटण आणि एक निळं बटण. एक खेळाडू लाल पोशाखात, दुसरी निळ्या. लाल मुलीचा चांगला ठोसा लागला की लाल बटण, निळीचा लागला की निळं. चांगला ठोसा म्हणजे ग्लोव्हच्या पांढऱ्या भागाने मारलेला, पट्ट्याच्या वर, तोंडावर किंवा छातीपोटावर, मधे हात न येता आणि जोर लावून लागलेला. नुसती थाप चालत नाही.

आता यातली गोम ऐका. पाचांपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत एकच बटण दाबलं, तरच गुण मिळायचा. दोघांनीच दाबलं तर काही नाही. तिसऱ्याचा अंगठा उशिरा पडला तरी काही नाही. ठोसा लागला, नाकातून रक्त आलं, सगळ्या हॉलने बघितलं, तरी यंत्राच्या लेखी तो लागलेलाच नसतो.

म्हणून आमचा सगळा धंदा अंगठ्याचा. मी घरी दोन खटक्याची पेनं घेऊन सराव करायचे, एका हातात लाल, एका हातात निळं. जुन्या लढतींच्या सीडी लावायच्या आणि खटक खटक सुरू. आमचे हे ऑफिसातून दमून यायचे, चहा घेता घेता म्हणायचे, "अगं, पेनं संपली तरी चालतील, पण बातम्या बघू दे." मी म्हणायचे, "जरा थांबा, निळी पुढे आहे."

नव्या जजची एक चूक ठरलेली असते. तो डोळ्यांनी नाही, कानांनी दाबतो. हॉलमध्ये "हो!" झालं की त्याचा अंगठा आपोआप खाली जातो. ठोसा ग्लोव्हवरच अडला असला तरी लोक ओरडतात, कारण पोरगी त्यांची असते. ही सवय मोडायला मी सीडीचा आवाज बंद करून सराव करायचे आणि मग मुद्दाम उलटं करायचे, म्हणजे गणपतीच्या दिवसांत खिडकीबाहेर ढोल वाजत असताना.

पण कानाने दाबणारा निदान भाबडा असतो. खरं राजकारण दुसरीकडे असतं, आणि ते इतकं गुळगुळीत असतं की पहिल्या दोन-तीन स्पर्धांत मला त्याचा पत्ताच लागला नाही. खोलीत सुक्या मेव्याचा डबा यायचा. कुणी शाल पाठवायचं. मी सगळं रिसेप्शनवर नेऊन ठेवायचे. एकदा तिथल्या मुलीने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, डायट?" मी म्हटलं, "हो, कडक डायट."

लोकांना वाटतं, लबाडी म्हणजे खोटं बटण दाबणं. छे! खोटं दाबणारा लगेच पकडला जातो. लबाडी म्हणजे न दाबणं. समोर ठोसा लागतो आणि अंगठा झोपून राहतो. कुणी विचारलंच तर, "मला दिसला नाही हो, मधे रेफ्री आला." याला काय पुरावा देणार?

आता सेलिनाचं सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

सेलिना उत्तनची. वडिलांची होडी, आई मार्था भाईंदरच्या बाजारात मासे विकायची. पोरगी आठवीत असताना माझ्या हाताखाली आली, काटकुळी, पण डावा हात असा सुटायचा की समोरच्याला कळायचं नाही कुठून आला. तिला मी शिकवलं फक्त सुरुवातीची दोन वर्षं. मी जज झाल्यावर तिला दुसऱ्या कोचकडे सोपवलं, कारण दोन्ही कामं एकदम बरी दिसत नाहीत. ती राज्यात जिंकली, देशात जिंकली, आणि एका वर्षी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी आमची दोघींची एकाच संघाबरोबर निवड झाली. ती खेळाडू, मी जज. प्रत्येक देश आपापला एक-दोन जज बरोबर नेतो, अशी तेव्हाची पद्धत होती. आपल्या देशाच्या लढतीला मात्र बसता येत नाही.

निघायच्या आधी मार्था शाळेच्या गेटवर आली. लेकीसाठी सुक्या बोंबलांची चटणी आणली होती, ती माझ्या बॅगेत ठेवायला दिली. म्हणाली, "टीचर, या वक्ताला मेडल आलं तर नोकरी हाय, साहेबांनी कबूल केलंय. न्हाय आलं तर तिचा बाप बोलतो, पुरे झाला आता खेळ." क्रीडा कोट्यातली सरकारी नोकरी म्हणजे तिच्या घरात पहिला बांधलेला पगार आला असता, आणि सेलिनाचं बॉक्सिंगही वाचलं असतं. सगळं त्या एका पदकावर अडलं होतं.

चटणीचं पाकीट मी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलं होतं. तरी विमानतळावरच्या कुत्र्याने माझ्या बॅगेशी जी बैठक मारली ती उठेचना. सेलिना हसून हसून खाली बसली होती. तिचं ते हसणं नंतर बरेच दिवस मला आठवत राहिलं.

देश कुठला ते सांगत नाही. थंडी मरणाची, माणसं अगत्याची. सेलिना पहिली लढत सहज जिंकली. पुढची लढत पदकाची होती. बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्य मिळतं, त्यामुळे उपांत्यपूर्व लढत जिंकली की पदक खिशात. आणि समोर आली यजमान देशाची मुलगी.

त्या लढतीच्या आदल्या सकाळी नाश्त्याला आमच्या संघाचे मॅनेजर माझ्या टेबलावर येऊन बसले. दिल्लीकडचे गृहस्थ, बोलायला गोड, उकडलेलं अंडं सोलत सोलत म्हणाले, "मैडम, आज दोपहर को आप बैठ रही हैं ना?" मी म्हटलं, "चिठ्ठीत नाव निघालं तर बसेन." मग त्यांनी एका देशाचं नाव घेतलं. त्या देशाची मुलगी दुपारी एका लहानशा देशाच्या मुलीशी खेळणार होती. "उनको ये मेडल बहुत ज़रूरी है. उनके जज की यहां अच्छी दोस्ती है, दो-तीन लोग सुनते हैं. कल अपनी सेलिना को वो लोग देख लेंगे. आपको कुछ गलत नहीं करना है. बस, उस छोटी लड़की के टाइम पे अंगूठा थोड़ा सुस्त रखना है."

अंगूठा थोड़ा सुस्त! मला आजही ते शब्द तसेच ऐकू येतात. किती साधी मागणी. खोटं बोलू नका, फक्त जरा हळू खरं बोला. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, आला नाही. कारण त्यांनी जे पुढ्यात ठेवलं होतं ते माझ्यासाठी नव्हतंच. माझ्यासाठी असतं तर मी हसून रिसेप्शनवर नेऊन ठेवलं असतं. पण हे सेलिनाचं होतं. मार्थाचं होतं.

मी म्हटलं, "सर, माझा अंगठा माझंसुद्धा ऐकत नाही."

ते हसले. त्यांना वाटलं मी हो म्हटलं.

दुपारी माझं नाव निघालं. त्या लहान देशाची पोरगी निळ्यात होती. तिच्याबरोबर एकच कोच आलेला, तोच पाणी पाजायचा, तोच टॉवेल झटकायचा. पोरगी मात्र काय खेळली! मोठ्या देशाची मुलगी अंगावर यायची, ही बाजूला सरकून डावा द्यायची. मी निळं दाबत गेले. लाल लागला की लाल दाबत गेले. मनात सेलिना येत होती, नाही असं कसं म्हणू? दर ठोशाला येत होती. पण डोळा आणि अंगठा यांच्यामध्ये मन घुसायला एका सेकंदात जागाच नसते. सरावाचा हा एक फायदा. माझ्याखेरीज आणखी दोघं जागे होते. निळी दोन गुणांनी जिंकली आणि रिंगमध्येच गुडघ्यांवर बसून रडली.

कुणी काय दाबलं ते आमच्यावर देखरेख करणाऱ्या ज्युरीच्या पडद्यावर दिसतं, आणि ज्युरीच्या पडद्यावरचं चहाच्या टेबलापर्यंत यायला वेळ लागत नाही. संध्याकाळी बसमध्ये मॅनेजर माझ्या शेजारून गेले ते न बघता. आणि मग मागच्या सीटवर सेलिनाला म्हणाले, मला ऐकू जाईल अशा बेताने, "बेटा, तेरा मेडल तेरी मैडम खा गई."

दुसऱ्या दिवशीची सेलिनाची लढत मी अधिकाऱ्यांच्या खुर्च्यांमधून बघितली. हात रिकामे होते, पण दोन्ही अंगठे मांडीवर आपोआप चालत होते. हॉल यजमानांचा, ओरडा असा की छताचे पत्रे हलावेत. सेलिनाचा डावा तोच होता, आठवीतला. लागला. गुणफलक हलला नाही. पुन्हा लागला, समोरच्या पोरीची मान मागे गेली. फलक तसाच. कोपऱ्यातून तिच्या कोचने दोन्ही हात वर करून आमच्याकडे बघितलं. एखादा गुण यायचा, मग परत सगळं थिजायचं. त्या पाचांत मॅनेजरांनी सांगितलेला तो दोस्तीवाला जज होता. बाकीचे झोपले होते, घाबरले होते, की कानांनी दाबत होते, ते मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. मी आदल्या दिवशी सुस्त राहिले असते तर त्यांचे अंगठे चालले असते का, हेही मला माहीत नाही. सेलिना एका गुणाने हरली.

ती रिंगमधून उतरली, माझ्यासमोरून गेली, आणि तिने मान वळवली. विमानात, विमानतळावर, घरी येणाऱ्या गाडीत, कुठेही एक शब्द बोलली नाही. चटणीचं पाकीट अर्धं शिल्लक होतं, ते मी तिच्या हातात दिलं तर तिने ते सीटवरच ठेवलं.

आल्यावर मी एका रविवारी उत्तनला गेले. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते. मार्था बाहेर आली, मला बसायलाही सांगितलं नाही. "टीचर, सगल्या देशांचे लोक आपल्या पोरांसाठी करतात. तुमीच येवढ्या शाण्या?" मी म्हटलं, "मार्थाबाई, मी ज्या पोरीसाठी दाबलं तिलाही आई असेल." ती म्हणाली, "हाय ना. तिची आई हसत आसंल. मी रडते." मी उलट पावली निघाले आणि घरापर्यंत रिक्षात तोंडावर ओढणी धरून रडले. पुढे किती तरी दिवस मी बाजारात मार्थाच्या टोपलीसमोरून जाताना पलीकडच्या बाजूने जायचे.

पुढच्या परदेशी स्पर्धांच्या यादीत माझं नाव आलं नाही. त्याचं दुःख झालं, का नाही होणार? पासपोर्टवरचे शिक्के बघायला मलाही आवडायचं. पण शाळेत बसले की रिंगच्या दोरांकडे बघून मला एकच वाटायचं, या पोरीचं आता काय होणार?

बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी ती शाळेच्या हॉलमध्ये आली. मी पोरांचे ग्लोव्ह उन्हात टाकत होते. नमस्कार नाही, काही नाही, तिने सरळ विचारलं, "टीचर, त्या दिवशी तुम्ही मोजत होतात ना? तुमचे अंगठे चालत होते. मी बघितलं."

"लढता लढता?"

"ब्रेकमध्ये. किती होते?"

मी म्हटलं, "माझ्या हिशेबाने तू तीन गुणांनी पुढे होतीस."

"आपलीच म्हणून?"

"सेलिना, तुला मी लहानपणापासून ओळखते. तुझा उजवा ग्लोव्हवरच अडतो, त्याचे मी एकदाही धरले नाहीत. शेवटच्या राउंडला तू दोनदा खाल्लेस, ते धरले. तरी तीन."

ती खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खूप वेळाने नाक पुसत म्हणाली, "मला वाटायचं, मी खरंच हरले. म्हणून तुमच्यावर रागवायचे. राग कुणावर तरी काढायला पायजे ना." आणि मग, "मला ते बटण दाबायला शिकवा."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? ज्यांनी तुला बुडवलं त्यांच्यात जाऊन बसणार?"

"तिघं जागे लागतात ना, टीचर? मग तिसरं कोण बसणार?"

त्या दिवशी मी तिला माझी दोन पेनं दिली, लाल आणि निळं. त्यांचे खटके तोवर पार ढिले झाले होते. एका शाळेत तिला पी.टी.ची नोकरी लागली, साधी, खासगी, पण पगाराची. ती जिल्ह्याची परीक्षा पास झाली, मग राज्याची. घरात पेनांची खटखट सुरू झाली तेव्हा मार्था माझ्या नावाने काय काय म्हणाली असेल, ते मी विचारलं नाही.

आता शेवटचा प्रसंग. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये दरवर्षी भागातल्या मुलांची स्पर्धा व्हायची. इथे कुठलं यंत्र आणि कुठलं काय? पाच जज बसायचे आणि लढत संपली की प्रत्येकाने लाल किंवा निळी पट्टी वर करायची, तीन पट्ट्या ज्याच्या तो विजयी. मुख्य पंच मी, टेबलावर बेल घेऊन. त्या वर्षी एक जज तापाने पडला, तर सेलिनाला बसवलं. आणि अंतिम लढतीला लाल कोपऱ्यात कोण यावं? तिचा धाकटा भाऊ डॅनी. समोर घोडबंदरच्या व्यायामशाळेचा मुलगा. पहिल्या रांगेत मार्था आणि उत्तनच्या दहा-बारा मावश्या.

मी सेलिनापाशी गेले. ती आधीच खुर्चीतून उठत होती. "सख्ख्या भावाच्या लढतीला मी कशी बसू?" बरोबरच होतं. मी दुसरं कुणी मिळतंय का बघायला लागले, तेवढ्यात घोडबंदरचे कोच हनीफभाई लगबगीने आले. मला वाटलं, आता तक्रार करणार. तर म्हणतात, "मैडम, उसको क्यूं उठा रहे हो? बैठने दो ना."

"हनीफभाई, समोर तिचा भाऊ आहे."

"मालूम है. इसीलिए तो बोलतोय. ती बसली असली ना, तर अपुन को टेन्शन नहीं, जिल्ह्याला देखा है उसका काम."

तीस वर्षांत मी अशी विनंती ऐकली नव्हती. हरण्याची भीती ज्याला, तोच म्हणतोय की समोरच्याच्या बहिणीला बसवा. दोन्ही कोपऱ्यांची संमती घेतली आणि मी बेल मारली.

लढत चुरशीची झाली. डॅनी देखणा खेळला, मावश्यांनी हॉल डोक्यावर घेतला, पण त्याचे बरेच ठोसे ग्लोव्हवर अडत होते, घराण्याचा दोष. संपल्यावर मी म्हटलं, "पट्ट्या." दोन लाल वर गेल्या. दोन निळ्या. पाचवा हात सेलिनाचा. तिने आईकडे बघितलं नाही, भावाकडे बघितलं नाही. निळी वर केली.

एकच गलका झाला. "अगो, आपल्या भावाला हरवलंस?" "ही कसली भन!" डॅनी रिंगमधून ओरडला, "ताय!" सेलिनाचा हात खाली आला नाही. आणि मार्था उठली. पदर खोचून सरळ माझ्या टेबलाकडे यायला लागली.

ती अर्ध्यात थांबली, मागे वळली आणि मावश्यांवर ओरडली, "गप रावा सगल्या! पोराचा हात ग्लोव्हवर लागत व्हता. मना दिसला, तुमाला न्हाय दिसला?"

मग माझ्यासमोर आली. लेकीकडे बघत राहिली. तिने हात अजून वरच धरला होता. मार्था हळू आवाजात म्हणाली, "टीचर, माज्या सेलिनाच्या टायमाला तितं अशी एक पोर बसायला पायजे व्हती."

तिने पिशवीत हात घातला आणि सुक्या बोंबलांच्या चटणीचं पाकीट माझ्या टेबलावर बेलच्या शेजारी ठेवलं.

पंचाने भेट घ्यायची नसते. आयुष्यभर शाली आणि सुका मेवा परत केला. ते पाकीट मात्र मी उचललं, पर्समध्ये ठेवलं, आणि घोडबंदरच्या मुलाचा हात वर करायला रिंगमध्ये चढले.